गर्डरवाला साडू

सोलापूर जिल्ह्यात आजवर जे जे काही जड म्हणून उचललं गेलं, ते माझ्या साडूने उचललं, अशी माझ्या सासुरवाडीची पक्की समजूत आहे. ही समजूत मोडून काढण्याचा मी पंचवीस वर्षं प्रयत्न केला आणि तो सपशेल फसला. फसण्याचं मुख्य कारण म्हणजे ती बरीचशी खरी आहे. पुलाच्या दोन खांबांवर सिमेंटचे जे लांबलचक गर्डर आडवे पडलेले दिसतात, ते यार्डातून ट्रेलरवर चढवायचे, रस्त्याने सांभाळून न्यायचे आणि क्रेनने खांबांवर अलगद ठेवायचे, हे साडूचं काम. एकेक गर्डर ऐंशी टनांचा. मी थोरला जावई, तो माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. मी एम.टेक. आहे, तंत्रनिकेतनात तीस वर्षं स्थापत्य शिकवलं. तो मंद्रूपचा, दहावी नापास आणि त्यानंतर क्रेनवर हेल्पर. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा हेवा लपणार नाही, आणि तो हुडकत बसायचा ताप वाचकांना नको.

फळ्यावर मी किती गर्डर काढले असतील याची गणतीच नाही. त्यांच्यावर बाण दाखवून भार टाकले, ते कुठे वाकतील, कुठे तडकतील, हे खडू झिजेपर्यंत सांगितलं. पण माझ्या गर्डरांपैकी एकही जागचा हलला नाही. माझ्या हाताखालून शिकून गेलेली पोरं पुढे साडूच्या साइटवर नोकरीला लागत आणि बाजारात कुठे भेटली की पाया पडून विचारत, "सर, ते गर्डरवाले अण्णा तुमचे साडू का?" मी हो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो आदर दाटून येई, तो तीस वर्षांच्या शिकवण्याने कधी आला नव्हता. हे मी एकदा घरी बोलून दाखवलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही शिकवता, ते उचलतात. त्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय आहे?" तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही, याचंच मला अधिक वाईट वाटलं.

साडूचं सगळ्यात प्रसिद्ध वेड म्हणजे चार बोटांचा चहा. कुठलाही गर्डर उचलायचा झाला की आधी नारळ फुटतो, क्रेनच्या चाकाखाली लिंबू जातं, आणि मग साडू तो गर्डर जमिनीपासून फक्त चार बोटं वर उचलायला सांगतो. चार बोटं म्हणजे चारच, तो स्वतः वाकून हात घालून बघतो. तेवढ्यावर सगळं थांबवायचं आणि चहा मागवायचा. क्रेनचा ऑपरेटर वर बसून पितो, बाकीचे खाली उभे राहून पितात, आणि ऐंशी टनांचं ते धूड चार बोटांवर लटकत राहतं. सगळ्यांचा चहा संपेपर्यंत कुठे कुरकुर नाही, दोर घसरला नाही, क्रेनचा पाय मातीत रुतला नाही, तरच पुढे. "काय व्हायचं आसंल तर ते चार बोटांवर हूं दे की. चार बोटांवरनं पडलेलं परत उचलता येतंय," असं तो म्हणतो. अशी चाचणी घ्यावी असं आमच्या पुस्तकांतही दिलेलं आहे आणि मी दरवर्षी ते वाचून दाखवत असे. पण पुस्तकात चहा नाही, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे वेड त्याने साइटवरच ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एकदा आमचे सासरे, म्हणजे मामा, वैरागच्या घरात पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना वरच्या खोलीतून खाली आणायचं होतं. मी म्हटलं, खुर्चीत बसवून चौघांनी भराभर उतरवू, वेळ जितका कमी तितका त्रास कमी. तसं करायला गेलो आणि तिसऱ्याच पावलाला मामांचा दुखरा पाय चौकटीवर आपटला. मामांनी मला उद्देशून जे शब्द वापरले ते जावयाला उद्देशून वापरायचे नसतात. तेवढ्यात साडू आला. त्याने आधी जिना वरपासून खालपर्यंत दोनदा चढून उतरून पाहिला, भिंतीवरचा आरसा काढायला लावला, खुर्चीला धोतराचे दोन पट्टे बांधले आणि मामांना चार बोटं वर उचलून म्हणाला, "थांबा. चहा टाका." मामा अधांतरी, चौघे जण खुर्ची धरून उभे, आणि सासूबाई खाली आलं किसतायत. त्या दिवशी मामासुद्धा तिथेच, वरच्यावर, बशीने चहा प्यायले. नंतर त्यांना खाली नेलं तेव्हा त्यांना म्हणे काही कळलंच नाही. पुढे दवाखान्यात आणि नंतर वर्षभर घरी जे जे भेटायला आले त्या सगळ्यांना मामांनी हा किस्सा सांगितला. चौकटीचा भागही गाळला नाही.

दुसरं त्याचं वेड हातवाऱ्यांचं. गर्डर हलत असताना तिथे एकानेच इशारा द्यायचा आणि बाकीच्यांनी तोंड मिटून तो पाळायचा, असा त्याच्या कामाचा नियम. अंगठा वर म्हणजे वर घे, बोट गोल फिरवलं म्हणजे सावकाश, बंद मूठ वर म्हणजे जिथे आहेस तिथे थांब. जन्म असा गेल्याने त्याला बोलायचा कंटाळा. पंगतीत वाढपी आमटी घेऊन आला की हा बोट गोल फिरवणार, आणि पुरे झाली की मूठ वर करणार. आमच्या घरच्या माणसांना ते पाठ होतं. पण एका लग्नात वाढपी नवा होता. त्याला वाटलं, पाहुणा जोशात येऊन आणखी मागतोय. साडूची मूठ जसजशी वर जाई तसतशी आमटी वाढत गेली, ताटाबाहेर वाहिली, मांडीवर आली, तरी हा मूठ वर करूनच बसलेला. मी शेजारीच होतो. मी त्या वाढप्याला थांब म्हणू शकलो असतो, पण म्हटलं नाही. इतका निखळ आनंद मला त्या कुटुंबात क्वचितच मिळाला आहे.

तिसरं वेड रस्त्याचं, आणि त्याच्यापाशीच मला यायचं आहे. गर्डर ज्या रस्त्याने न्यायचा तो साडू आदल्या दिवशी स्वतः चालून पाहतो. हातात ट्रेलरवरच्या गर्डरएवढा उंच वेळू. प्रत्येक तारेखाली तो उभा करून बघायचा, प्रत्येक वळणावर पावलं मोजायची, वाटेतल्या प्रत्येक मोरीखाली, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली, उतरून तिच्या दगडांना हात लावून यायचं. या फेरीत तो कुणाला सोबत घेत नसे. त्याच्या कंत्राटदार मालकाच्या मुलाने एकदा "मी येऊ का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "दोगं असली की बोलणं व्हतंय. बोलणं झालं की बघणं व्हत न्हाय." त्यामुळे मागल्या हिवाळ्यात त्याने मला फोन करून "साडूभाऊ, शनिवारी मोकळं हाय का? रस्ता चालायचाय," असं म्हटलं तेव्हा मी उडालोच.

सीना नदीवरच्या पुलाचा शेवटचा गर्डर रविवारी जायचा होता. शेवटचा म्हणून साडूने सगळ्या सासुरवाडीला बघायला बोलावलं होतं. मामा ऐंशी ओलांडलेले, त्यांनी गर्डर बसताना कधी पाहिला नव्हता. वैरागहून जीप भरून माणसं, धपाटी, शेंगाचटणी, दही असं सगळं येणार होतं. म्हणजे रविवारी दिवसभर साडूचा जयजयकार ऐकायचा हे ठरलेलंच. त्यात शनिवारी आणखी त्याच्यामागून पाच किलोमीटर चालायचं. तरी गेलो. खरं सांगायचं तर बोलावल्याचं बरं वाटलं होतं.

पण चालताना माझा पारा चढत गेला. तो प्रत्येक ठिकाणी मलाच विचारी. "ती तार वेळूच्या किती वर वाटती?" "तितं फांदी हाय का सावली?" "त्या खांबाचं टोक रस्त्याकडं कललंय व्हय?" मी उत्तर दिलं की मान हलवायचा आणि पुढे. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. दहावी नापास माणूस माझी तोंडी घेतोय, आणि वर गुण किती दिले तेही सांगत नाही. तिसऱ्या किलोमीटरला एक जुनी दगडी मोरी लागली. साडू कठड्यापाशी थांबला आणि म्हणाला, "तुमी उतरता का खाली? माझा गुडघा धरलाय."

मी उतरलो. आत गारवा होता, कमानीखाली पुरुषभर उंची. वर पाहिलं तर कमानीच्या मधोमधचा एक दगड बोटभर खाली निसटलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना फट, आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीवर चुन्याची पांढरी भुकटी. भुकटी ताजी होती. म्हणजे दगड नुकताच, कदाचित आधीचे गर्डर वरून गेले तेव्हाच, हलला होता. कमानीचा मधला दगड सुटला तर काय होतं हे मी तीस वर्षं शिकवलेलं आहे. वरून साडूचा आवाज आला, "कसं हाय?"

मी म्हणालो, "बरं आहे."

का म्हणालो ते लिहितो. माझ्या डोळ्यांसमोर रविवारची ती जीप होती. मामा खुर्ची टाकून बसलेत, सासूबाई धपाटी वाढतायत, आणि गर्डर यायचं नाव नाही, कारण तिकडे साडूचा ट्रेलर एका मोरीशी अडकलाय, हे चित्र मला इतकं गोड वाटलं की तोंडातून ते दोन शब्द निघून गेले. फार काही होणार नाही, कमान जरा करकरेल, ट्रेलर थांबेल, साडू तासभर डोकं खाजवील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पंचवीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्याचं काहीतरी चुकावं आणि ते सगळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं. वर आलो तेव्हा त्याने माझ्या पाठीवरची धूळ झटकली.

रविवारी सकाळी नारळ फुटला, गर्डर चार बोटं वर लटकला, चहा आला. मी माझा कप कुणाचं लक्ष नाही असं पाहून ओतून टाकला. मंडळी यार्डातलं सगळं पाहून जीपने पुलाकडे पुढे गेली. मी मागे राहिलो, ट्रेलरबरोबर चालत येतो म्हणालो. एवढा लांब गर्डर माणसाच्या चालीने जातो. पुढे ओढणारी गाडी, मागे चाकांची वेगळी बैलगाडीसारखी जोड, आणि ती मागची चाकं वळवणारा सिद्राम म्हणून एक जण बाजूने पायी चालतो, गर्डरच्या शेपटीला चिकटून. सगळ्यांच्या पुढे साडू, तोंडात शिट्टी. मी सिद्रामच्या शेजारून चालत होतो. तो मला मोठ्या कौतुकाने सांगत होता, "अण्णांनी रस्ता बघितला की आमी डोळं झाकून चालतोय बगा, सर." मी त्याच्याकडे पाहिलं आणि ट्रेलर मोरीवर आल्यावर हा नेमका कुठे असेल त्याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला. तो मोरीवरच असणार होता, आणि ऐंशी टनांचा गर्डर त्याच्या डोक्याशी.

मी पळालो. पन्नाशी उलटल्यापासून मी कधी पळालो नव्हतो. साडूला गाठलं तेव्हा मोरी दोन-तीनशे पावलांवर आली होती. धापा टाकत म्हणालो, "थांबवा. कमानीचा दगड सुटलाय. मी काल बघितला होता. सांगितला नाही."

साडूने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी मूठ वर केली. मागे ते सगळं लटांबर जागच्या जागी थांबलं. मग तो म्हणाला, "चला, दाखवा." उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय चाचपडत टाकू लागला. गुडघा दुखणारा माणूस असा उतरत नाही. कमानीखाली गेल्यावर मी वर बोट दाखवलं तर तो भलतीकडेच पाहत होता. मी त्याचा हात धरून दगडाशी नेला. त्याने फटीत बोट घातलं, सगळीकडून फिरवलं, बोटाला लागलेला चुना चोळून पाहिला.

"तुम्हाला दिसत नाही?" मी विचारलं.

"डाव्यानं न्हाय. उजव्यानं उनात दिसतंय, सावलीत न्हाय. शुगर हाय न्हवं. सा महिनं झालं, वाढतच चाललंय." मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाला नेलं आस्तं तर सांजच्यापातूर मालकाच्या कानावर गेलं आस्तं. म्हटलं, हा शेवटचा गर्डर तुमच्या डोळ्यांनी न्यावा. तुमी घरचं, त्यात शिकलेलं."

मी तिथेच एका दगडावर बसलो. तो उभाच होता. त्याने विचारलं, "का सांगितलं न्हाय?"

"तुमचा हेवा वाटतो म्हणून. एकदा तरी तुम्ही अडकावं असं वाटलं."

"माझा?" तो म्हणाला. त्याला ते खरंच कळेना. मग कळलं असावं. एवढंच म्हणाला, "मागं सिद्राम चालतोय, साडूभाऊ." आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवून वर चढला.

कुर्डुवाडीच्या रेल्वे लिलावातून आणलेले, रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर त्याने यार्डात रचून ठेवलेले असतात. ते ट्रॅक्टरने मागवले, मोरीत उभे-आडवे थप्पी लावून कमानीला खालून टेकू दिला, वरून लोखंडी पत्रे टाकले. चार तास गेले. मग गर्डर पलीकडे गेला, सिद्रामसकट. दिवस कलताना तो दोन क्रेननी खांबांवर टेकवला तेव्हा मामांनी हात जोडले. उशीर का झाला ते कुणीतरी विचारलं, साडूने मोरीचं सांगितलं, आणि मामा म्हणाले, "बघा, आधी ओळखली म्हणून निभावलं. म्हणून मी म्हणतो, ह्याच्यासारखा माणूस न्हाय."

"मी न्हाय, मामा," साडू म्हणाला. "साडूभाऊंनी बघितली." त्यापुढे एक अक्षर बोलला नाही.

सगळे माझ्याकडे वळले. सासूबाईंनी सगळ्यांत आधी माझ्या ताटात धपाटं वाढलं, मामांनी पाठ थोपटली, बायको माझ्याकडे अशी पाहत होती की लग्न झाल्यापासून तशी पाहिली नव्हती. ज्याच्यासाठी पंचवीस वर्षं झुरलो ते सगळं एका संध्याकाळी पदरात पडलं, आणि मी ते धपाटं तसंच ताटात ठेवून उठलो. बायकोला मी सगळं त्या आठवड्यात सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

साडूने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन मालकाला डोळ्यांचं सांगितलं आणि काम सोडलं. मालकाने विचारलं, आता रस्ते कोण बघणार? साडूने माझं नाव सुचवलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. मी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, सगळं ठाऊक असताना माझं नाव कसं घेतलंत? तो गादीवर बसून रेडिओ चाचपत होता. म्हणाला, "ज्यानं एकदा बघून लपवलंय, त्यो परत लपवणार न्हाय. बाकीच्यांची काय खात्री?"

तेव्हापासून मी रस्ते चालतो. एकटाच, कुणाला सोबत घेत नाही. प्रत्येक मोरीखाली उतरतो, वर येतो आणि बऱ्याचदा परत उतरतो. पोरं मला आता गर्डरवाले सर म्हणतात. रस्ता पाहून झाला की मी हटकून साडूकडे जातो. त्याच्या दोन्ही डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो. मी समोर बसतो आणि वाट पाहतो, की हा आता विचारील, सगळं नीट बघितलं का, काही राहिलं तर नाही. त्याने विचारावं आणि मी त्याला एकेक तार, एकेक दगड सांगावा, अशी माझी फार इच्छा असते. तो मंद्रूपच्या बाजाराचं विचारतो, माझ्या बायकोच्या पाठदुखीचं विचारतो, पाणी पिणार का म्हणतो. रस्त्याचं एकदाही विचारत नाही. माणसावर इतका भरवसा टाकायला मला जन्मात जमणार नाही, आणि याचाही मला हेवाच वाटतो.